उघड्या दाराचा युक्तिवाद

समलिंगी पुरुषांच्या व्यायामात काही अडथळे येतात, हे म्हणणेच रडगाणे आहे, असा एक पक्ष अलीकडे मोठ्या आवेशाने मांडला जातो. त्याचे सार असे की, तालमीचे दार कोणालाही बंद नाही, 6 सप्टेंबर 2018 च्या निकालाने कलम 377 चा धाकही गेला, तेव्हा उरतो तो निव्वळ आळस. हाच पक्ष या पुरुषांना एका दमात मेहनतीला भिणारे ठरवतो आणि दुसऱ्या दमात आरशापुढून न हलणारे जिमवेडे. ही दोन्ही लक्षणे एकाच देहात कशी नांदतात, हे त्याने अद्याप सांगितलेले नाही.

आळसच मोजायचा, तर 2022 च्या अंदाजानुसार भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत, आणि ते सगळे काही समलिंगी नव्हेत. कायद्यामुळे कोठडीची भीती गेली, टोमण्यांची नाही.

उघड्या दाराचा मुद्दा मात्र सावकाश तपासला पाहिजे. भद्रा मारुतीच्या मंदिरामुळे जिथे बलोपासनेचा उपदेश वेगळा करावा लागत नाही, त्या खुलताबादसारख्या तालुक्याच्या गावी हे दार ओळखीच्या माणसांत उघडते. महानगरात एक जिम सोडून दुसरी धरता येते. इथे वस्ताद वडिलांना ओळखतो, जोडीदार चुलतभावाचा मित्र निघतो, कपडे बदलताना ‘बायल्या’ हा शब्द सहज फेकला जातो आणि दोन बैठकांच्या मध्ये लग्नाचे कुठवर आले याची चौकशी होते. ज्याला आपली चाल, आवाज, हातवारे आणि नजर यांवर दिवसभर पहारा ठेवावा लागतो, त्याला तालीम सर्वांत अवघड जाते, कारण दम लागला की पहारा ढिला पडतो. कलंकित मानल्या गेलेल्या गटात असल्यामुळे रोजच्या ताणावर चढणारा हा जादा भार, ज्याला अभ्यासक अल्पसंख्याकांचा ताण म्हणतात, मनगटातल्या बळाने उचलला जात नाही. स्त्रियांना नजरेचा अडथळा होतो, हे आता सगळे मान्य करतात. पुरुषाला नजर जाचत नाही, हे कोणी ठरवले?

जोर-बैठकांनी ‘हा नाद’ सुटतो, हा जुना सल्लाही याच घराण्यातला. 1990 मध्ये रोगांच्या जागतिक वर्गीकरणातून समलैंगिकता वगळली गेली, तरी औषध चालूच राहिले. आणि तालमीला ज्यांनी असे शिक्षेचे रूप दिले, त्यांचेच वारस आता तरुण तिकडे फिरकत नाहीत म्हणून आश्चर्य करतात.

आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रम, म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही इतपत दम लागणारे, हा प्रौढांसाठीचा जागतिक मापदंड भरभर चालण्यानेही पुरा होतो. श्रावणी शनिवारी छत्रपती संभाजीनगरहून भद्रा मारुतीला पायी येणाऱ्यांत दोन पुरुष जोडीने पंचवीसेक किलोमीटर चालले, तर त्यांचे नाते कोणी विचारत नाही, उलट कौतुकच होते. श्रावण वर्षातून एकदाच येतो, हे खरे. उरलेल्या शनिवारी जवळच्या म्हैसमाळच्या डोंगराचा रस्ता आहे, आणि तालमीतली थट्टा एखाद्या वस्तादाने एकदा दरडावून थांबवली, तर तिथेही येता येईल.