आधी गाळ, मग फ्लेमिंगो



'खारफुटीचे फायदे लिहा' हा प्रश्न आपण सगळेच विचारतो. मुलंही उत्तर पाठ करून येतात: जमिनीची धूप थांबते, वादळापासून संरक्षण होतं, माशांच्या पिल्लांना आसरा मिळतो. तीन मुद्दे, तीन गुण. आता त्याच मुलाला खाडीच्या पुलावर उभं करा आणि खालच्या हिरव्या पट्ट्याकडे बोट दाखवून विचारा, 'ते काय आहे रे?' बहुतेक मुलं म्हणतील, 'झाडी आहे, सर.' किनाऱ्यापासून पाच मिनिटांवर राहणारं मूलसुद्धा हेच म्हणतं. तिथं तिवर आहे, चिपी आहे, कांदळ आहे, काटेरी पानांची मारांडी आहे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. २०२० मध्ये महाराष्ट्राने पांढऱ्या चिपीला राज्य कांदळवन वृक्ष म्हणून घोषित केलं, ही माहिती सामान्यज्ञानाच्या वहीत असते. झाड मात्र वहीबाहेर राहतं.

माझं स्पष्ट मत आहे की किनाऱ्याचा धडा आपण चुकीच्या टोकाकडून शिकवतो. सुरुवात डॉल्फिन, कासव आणि फ्लेमिंगो या देखण्या मंडळींपासून करतो. भित्तिपत्रकावर ती छान दिसतात म्हणून. पण खाडी समजायची तर सुरुवात गाळापासून करायला हवी. ज्याला आपण 'चिखल, घाण, डास' म्हणतो, तिथूनच.

ओहोटीच्या वेळी खाडीकाठी दहा मिनिटं न बोलता उभं राहायला लावा. (दहा मिनिटं शांत! वर्गात न जमणारी गोष्ट तिथं जमते.) आधी काहीच दिसत नाही. मग गाळ हलायला लागतो. बिळाबिळातून खेकडे बाहेर येतात. काहींची एकच नांगी भलीमोठी आणि दुसरी इवलीशी. तो नर, कारण मादीच्या दोन्ही नांग्या लहानच असतात. मग निवटी दिसते. मासा असून चिखलावर उड्या मारते, कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी धरून ठेवते आणि अंग ओलं असेपर्यंत कातडीतूनही श्वास घेते. पाचवीतल्या मुलांना 'मासा पाण्याबाहेर जगू शकत नाही' असं आपणच शिकवलेलं असतं. ते वाक्य त्यांना तिथंच दुरुस्त करू द्या. तिवराभोवती पेन्सिली रोवल्यासारखी मुळं वर आलेली असतात. ती वर का आली, याचं उत्तर पुस्तकात शोधण्याआधी काठीने थोडा गाळ उकरायला सांगा. वर करडा, खाली काळा, आणि सडक्या अंड्यासारखा वास. खाली हवाच नाही, म्हणून मुळांना वर यावं लागतं. तिवराचं पान जिभेला लावून बघितलं की खारट लागतं, कारण झाड नको असलेलं मीठ पानांतून बाहेर टाकतं. कांदळाची लांबट शेंग म्हणजे झाडावरच रुजलेलं रोप, हे हातात घेतल्यावर जेवढं पटतं तेवढं आकृतीतून पटत नाही.

आता गणिताच्या शिक्षकांसाठी. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांकडे भरतीची वेळ काढायचा एक हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. त्यापासून साधारण सहा तास मागेपुढे पूर्ण ओहोटी. अपूर्णांकांचा गुणाकार शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. आणि हुशार मुलं इथं थांबत नाहीत. अमावस्येला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, एकची पाऊणपट पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. रोज पाऊण तासाने पुढे जाणारी भरती एकदम दीड तास कशी उडाली? विचारू द्या. पंधरा तिथ्यांत भरतीची वेळ पूर्ण बारा तास फिरते, म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटं. आपण धरली ४५. रोजची तीन मिनिटं पंधरा दिवसांत पाऊण तास साठतात आणि महिन्यातून दोनदा तो हिशेब चुकता होतो. गावागणिक वेळेत थोडा फरक पडतो. तेव्हा मुलांनी आपल्या खाडीवर पंधरा दिवस घड्याळ लावून नोंदी घ्याव्यात आणि आजोबांचा ठोकताळा किती खरा ठरतो ते तपासावं. उधाण आणि भांग हे शब्द आपोआप येतील. परंपरेचं ज्ञान म्हणून नुसत्या माना डोलावण्यापेक्षा हे बरं.

आता जरा अवघड गोष्ट. किनारपट्टीच्या शाळांत कोळी, भंडारी, गाबीत, दालदी घरांतली मुलं बसलेली असतात. त्यांच्यासमोर आपण फळ्यावर लिहितो, 'बेसुमार मासेमारीमुळे सागरी जीव धोक्यात.' वाक्य खोटं नाही. पण त्या मुलाला ते कसं ऐकू येतं याचा विचार आपण करतो का? त्याचे वडील पहाटे छोटी होडी घेऊन जातात, आई ओहोटीला कालवं फोडते, तिसऱ्या गोळा करते. मुलगा परीक्षेत लिहितो, 'मासेमार समुद्राचे नुकसान करतात', आणि त्याला गुण मिळतात. घरच्या माणसांविरुद्ध लिहून मिळवलेले गुण! याने निसर्गप्रेम वाढत नाही. मूल घरच्या धंद्याची लाज बाळगायला शिकतं, आणि खाडीबद्दल ज्यांना सगळ्यात जास्त कळतं त्यांच्याकडे विचारायला जायचं बंद करतं.

खरं तर याच घरांतून धडा सुरू व्हायला हवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. का, ते मुलालाच विचारा. कायदा येण्याआधीही नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवत, ते नुसतं वादळाच्या भीतीने की आणखी काही कारण होतं? पारंपरिक जाळ्याचा मच्छीमार आणि पर्ससीनवाला यांच्यात भांडण कशाचं आहे? एलईडी दिवे लावून मासे पकडायला बंदी का आली? हे वाद मुलांच्या घरात रोज चालतात. रायगडमधल्या मुलांकडे जिताडा आहेच. खाडीत आणि खारजमिनीच्या तळ्यांत वाढणारा, अंडी घालायला खाडीच्या तोंडाशी जाणारा, आणि आधी नर असून मोठा झाल्यावर मादी होणारा मासा. ताटातल्या माशाची ही गोष्ट ऐकल्यावर 'लहान जिताडा विकत घेऊ नये' हे वेगळं सांगावं लागत नाही.

वेळासचं उदाहरण आपण नेहमी देतो आणि द्यायलाच हवं. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथं ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचं काम सुरू केलं. पण त्यातली शिकवण्यासारखी गोष्ट आपण वगळतो. पूर्वी ती अंडी खाल्ली आणि विकली जात होती, आणि राखण करायला पुढे आले ते गावकरीच. तसंच वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात. संवर्धन म्हणजे बाहेरून आलेला कुणी साहेब गावाला शिस्त लावतो, ही मुलांच्या मनातली कल्पना अशा उदाहरणांनी मोडते. पिल्लांसोबत फोटोसाठी मुलांना पहाटे रांगेत ढकलणाऱ्या सहली मात्र टाळा. घरट्यातल्या वाळूच्या तापमानावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं, एवढी एक गोष्ट वर्गात नीट समजली तरी सहलीइतकी मोलाची.

स्वच्छता मोहिमेबद्दलही बोलतो. हातमोजे, टोप्या, फलक, फोटो आणि दोन तासांत परत. वाईट काही नाही, पण त्याला धडा म्हणू नका. धडा करायचा असेल तर गोळा केलेला कचरा वर्गात ओता (धुऊन!) आणि कुठून आला ते शोधा. समुद्रातून किती, नदीतून किती, आपल्याच दुकानातून किती.

आणि हो, पुणे-नाशिकच्या मंडळींनी 'आमच्याकडे समुद्र नाही' म्हणून सुटका करून घेऊ नये. पुण्याची मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागराला. नाशिकच्या गोदावरीच्या मुखाशी काकीनाड्याजवळ कोरिंगाचं मोठं कांदळवन आहे. तुमच्या मुलांची खाडी आहे, फक्त लांब आहे. साताऱ्याची गंमत आणखी वेगळी. कोयनेचं पाणी खरं पूर्वेला जाणारं, पण वीज तयार करून ते घाटाखाली वाशिष्ठीत सोडलं जातं आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतं. उन्हाळ्यातही गोडं पाणी येत राहिलं तर मचूळ पाण्यावर जगणाऱ्या जिवांचं काय होत असेल? आठवीच्या वर्गात हा प्रश्न टाकून बघा.

एवढं झालं की मग फ्लेमिंगो आणा. ठाण्याच्या खाडीतलं अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, ऐरोलीला माहिती केंद्र आहे, सहल सोपी आहे. पण गाळ पाहिलेलं मूल तिथं वेगळे प्रश्न विचारतं. पक्षी गाळात चोच उलटी घालून काय गाळून घेतो? शहराच्या सांडपाण्याने शेवाळ वाढतं, मग सांडपाणी फ्लेमिंगोला चांगलं की वाईट? याचं सरळ उत्तर आपल्याकडेही नाही, आणि मुलांना ते तसं सांगायला हरकत नाही.

जायचं असेल तर पाऊस संपल्यावर, चतुर्थी-पंचमीच्या आसपासचा दिवस धरा. मुंबईच्या बाजूला सकाळी नऊ-साडेनऊला पूर्ण ओहोटी मिळते. स्थानिक मच्छीमार बरोबर हवाच, कुठे पाय रुततो हे त्यालाच माहीत. पाणी वळायला लागलं की लगेच मागे फिरा. कालवांच्या कडा सुरीसारख्या असतात, म्हणून पायात जुने बूट. पालकांना विनंती की त्या दिवशी मुलांना गणवेशात पाठवू नका, आणि घरी आल्यावर वासावरून ओरडू नका. तो दोन धुण्यांत जातो.