वाणीवर फवारणी कशाला?



पावसाची पहिली झड लागली की अंगणात, जिन्यात, मोरीच्या तोंडाशी वाणी दिसू लागते आणि लगेच सोसायट्यांमधून औषध फवारणीची मागणी सुरू होते. हा खर्च बहुतेक ठिकाणी पाण्यातच जातो. वाणीचा मुक्काम घरात नसतो, बाहेरच्या ओल्या, कुजत्या पाल्यात असतो. फवारा मात्र उंबऱ्यावर मारला जातो.

निम्मी भीती ओळख चुकल्यामुळे आहे. वाणीला गोम समजून मारणारे पुष्कळ. गोम चपटी आणि चपळ असते, तिच्या प्रत्येक वळीला पायांची एकच जोडी असते, ते पाय दोन्ही बाजूंना पसरलेले दिसतात आणि तोंडाशी विषारी नांग्या असतात. वाणी बहुधा नळीसारखी गोल, बहुतेक वळ्यांना पायांच्या दोन-दोन जोड्या, चाल संथ. डिवचली की वेटोळे करून पडते. चपट्या पाठीच्याही वाणी असतात, पण धावत नाहीत. पायांच्या संख्येवरून मात्र ओळखायला जाऊ नये: ऑस्ट्रेलियातल्या, २०२१ साली नोंदलेल्या एका जातीत १,३०६ पाय मोजले गेले; अंगणातल्या वाणीचे पाय त्यापुढे काहीच नाहीत.

वाणी चावत नाही, डंख मारत नाही. चिरडली किंवा दाबली तर तिच्या अंगातून उग्र वासाचा द्रव सुटतो. त्याने कातडीवर तपकिरी डाग पडतो, आग होते. डोळ्यात गेला तर त्रास बराच होतो. हात साबणाने धुवावेत; डोळा भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरांना दाखवावा. म्हणून चपलेने रगडणे हाच सर्वांत वाईट उपाय. केरसुणीने सुपलीत घेऊन झाडाच्या बुंध्याशी टाकली की काम झाले. पालापाचोळ्याची माती करण्यात तिचा वाटा मोठा आहे.

तिच्या कवचावर पाणी धरून ठेवणारा मेणाचा थर जवळपास नसतो, त्यामुळे ओल सुटली की ती वाळते. मुसळधार पावसात माती पाण्याने भरली की ती भिंत चढते, फटीतून आत येते आणि कोरड्या फरशीवर एक-दोन दिवसांत आपणच मरते. औषधाने मेली असे वाटणाऱ्या वाणींपैकी कित्येक अशाच मेलेल्या असतात. मातीतल्या तिच्या अंड्या-पिल्लांपर्यंत उंबऱ्यावरचे औषध पोचतच नाही. ते पावसाबरोबर वाहून गटारात, नाहीतर विहिरीत जाते.

दक्षिण भारतात झावळ्यांनी शाकारलेल्या छपरांत राहणारी वाणीची एक जात आहे. तिथेही तिला ओलसर, कुजणारे छप्परच मानवते.

तेव्हा पैसे ओल काढण्यावर खर्च व्हावेत. जोत्यालगतची फूटभर पट्टी पाला, गवत, विटा-लाकडांचा ढीग यांपासून मोकळी ठेवावी. पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या पायाशी न साचता लांब जाईल असा उतार द्यावा. कुंड्या भिंतीला टेकवून ठेवू नयेत. त्यांखालच्या ताटलीत पाणी तुंबू देऊ नये. गांडूळखताचा खड्डा दारापासून दूर असावा. झाडांना पाणी सकाळी घालावे, म्हणजे रात्री वाणी बाहेर पडते तेव्हा वरची माती सुकलेली असते. दाराखाली रबरी पट्टी, मोरीच्या भोकाला बारीक जाळी, पाइपाभोवतीच्या फटीत सिमेंट, एवढ्याने आत येणे बरेच थांबते. गळका नळ दुरुस्त न करता फवारणीचा ठराव मांडणाऱ्या समितीला सभासदांनी आधी प्लंबरची पावती मागावी.

शेताची गोष्ट वेगळी. सोयाबीन-कपाशीची कोवळी रोपे वाणी कुरतडते, आणि दुबार पेरणी परवडणारी नसते. पण तिथेही संध्याकाळी बांधाजवळ ओल्या गवताचे ढीग ठेवून सकाळी त्यांखाली जमलेल्या वाणी वेचण्याचा उपाय सांगितला जातो. औषधाचा विचार त्यानंतर.