सेवा कुणाची, सत्कार कुणाचा?



जुलै महिना म्हणजे सेवा क्लबांचं नवं वर्ष. रोटरी, लायन्स, इनरव्हील, सगळ्यांची नवी कार्यकारिणी याच सुमारास खुर्चीवर बसते. हॉल घेतला जातो, मावळत्या अध्यक्षांच्या गळ्यातली पदाची साखळी नव्यांच्या गळ्यात पडते, आणि मग वार्तापत्र निघतं. पहिल्या पानावर आंतरराष्ट्रीय अध्यक्षांचा संदेश, पुढे प्रांतपालांचा, त्यानंतर क्लबच्या अध्यक्षांचा. गेली काही वर्षं या संदेशांत 'महिला सक्षमीकरण' नाही असं होत नाही. संदेश संपले की फोटो.

अंबरनाथ पश्चिमेला बुवापाड्यात आमच्या गटाची बैठक भरते. तिथे असंच एक वार्तापत्र फिरत फिरत आलं. (क्लबचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कुठल्याही क्लबचं असू शकलं असतं.) एका फोटोत आमच्याच गटातली एक बाई शिलाई मशीन घेताना उभी आहे. खाली ओळ: 'डावीकडून' असं म्हणून आठ पुरुषांची आणि दोन बायकांची नावं, पदांसकट, आणि शेवटी 'एक गरजू महिला'. तिने ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, "ताई, नाव तर त्यांनी वहीत लिहून घेतलं होतं की माझं." रागावली नव्हती ती. तिला खरोखरच कळत नव्हतं की वहीतलं नाव फोटोखाली का नाही आलं.

मला मात्र त्या पहिल्या पानावरच्या संदेशापाशी थांबावंसं वाटलं. स्त्रियांनी पुढे यावं, नेतृत्व करावं, आमची दारं खुली आहेत, असं त्यात म्हटलं आहे. दारं खुली आहेत हे खरंच आहे. पण ती कुणी उघडली, हे कुठल्याच संदेशात नसतं.

रोटरीची सुरुवात १९०५ साली शिकागोत झाली. सभासद फक्त पुरुष, तसं घटनेतच लिहिलेलं. सभासदांच्या बायकांना नाव मिळालं 'रोटरी ॲन'. १९१४ साली अधिवेशनाला निघालेल्या आगगाडीत एका सभासदाची ॲन नावाची बायको होती, तिला गमतीने कुणी तसं म्हटलं, आणि ते सगळ्यांच्याच बायकांना चिकटलं. मग तुमचं नाव कुसुम असो की शकुंतला, क्लबात तुम्ही 'ॲन'. आपल्याकडे मुलं झाली 'ॲनेट'. लग्नानंतर नाव बदलण्याची चाल आपल्यात होतीच, हे तिच्यावर आणखी एक. इंग्लंडात मँचेस्टरच्या काही बायकांनी १९२४ मध्ये इनरव्हील ही स्वतःची संस्था काढली. कामं त्यांनी भरपूर केली, पण आत शिरायचं तर नवरा किंवा घरचा पुरुष रोटरीत असावा लागे. ही अट सैल व्हायला २०१२ साल उजाडलं.

आपल्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट या इतिहासात आहे, आणि ती आपल्याकडचे क्लबही सांगत नाहीत. घटनेतला 'पुरुष' हा शब्द काढून टाका, असा ठराव १९५० साली भारतातल्याच एका रोटरी क्लबने पाठवला होता. तो मान्य झाला नाही. १९६४ मध्ये तेव्हाच्या सिलोनमधल्या क्लबने स्त्रियांना प्रवेश द्यावा असा ठराव पाठवला. तो मागे घ्यायला लावला. पुढे १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते या छोट्या गावच्या क्लबने तीन बायकांना सभासद करून घेतलं. वरिष्ठांना कळताच १९७८ मध्ये त्या क्लबची सनदच रद्द झाली. पण त्या क्लबातल्या पुरुषांनी बायकांना 'तुम्ही राजीनामे द्या, प्रकरण मिटेल' असं सांगितलं नाही. रोटरीच्या चाकावर फुली मारलेले बिल्ले छातीवर लावून ते बैठकांना बसू लागले आणि कोर्टात गेले. ४ मे १९८७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी सिल्व्हिया व्हिटलॉक ही शाळेची मुख्याध्यापिका त्या क्लबची अध्यक्ष झाली. लायन्सनेही १९८७ मध्येच दार उघडलं. रोटरीने १९८९ मध्ये जगभरासाठी तो शब्द काढला.

त्यानंतर लायन्सला पहिली आंतरराष्ट्रीय अध्यक्ष मिळाली २०१८ मध्ये, आइसलंडची गुद्रुन इंग्वादोत्तिर. रोटरीला मिळाली २०२२ मध्ये, कॅनडाची जेनिफर जोन्स. म्हणजे स्थापनेनंतर ११७ वर्षांनी. भारतातून रोटरीचे चार आंतरराष्ट्रीय अध्यक्ष झाले: नितीश लाहिरी, राजेंद्र साबू, कल्याण बॅनर्जी आणि शेखर मेहता. चारही पुरुष.

हे मी हिणवायला लिहीत नाही. वस्तीत येऊन 'बायकांनो, पुढे या' असं सांगणाऱ्यांना स्वतःच्या घरात बाईला पुढे येऊ द्यायला कोर्टाची नोटीस लागली, एवढं आपल्याला ठाऊक असावं. मग माइकसमोर आपण जरा ताठ उभ्या राहू.

आता त्या मशीनबद्दल. बुवापाड्यातल्या बायकांना शिवणकाम नवं नाही. शेजारच्या उल्हासनगरचा जीन्सचा धंदा अनेक घरांतल्या ओट्यावर आणि पायरीवर चालतो. गठ्ठा येतो, धागे कापायचे, बटणं लावायची, मोजून परत द्यायचं. दर नगावर. दर कोण ठरवतो? गठ्ठा आणणारा. मिळालेलं मशीन घरगुती, पायाने चालवायचं. त्यावर जीन्सचं जाड कापड शिवता येत नाही, त्याला 'जुकी' लागते, आणि जुकीला वीज आणि जागा. म्हणून ते मशीन आज ब्लाउज आणि उशांचे अभ्रे शिवतं, तेही गिऱ्हाईक आलं तर. वाटण्याआधी कुणी वस्तीत येऊन विचारलं असतं, की तुम्ही शिवता काय आणि अडतं कुठे, तर बायकांनी सांगितलं असतं: आम्हांला मशीन नको, दर वाढवून घ्यायला मदत करा. क्लबात कारखानदार असतात, व्यापारी असतात. गठ्ठ्याच्या दराबद्दल बोलू शकणारी माणसं त्या फोटोतच उभी असू शकतात. घरी बसून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ सालीच १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

आणि 'सेवा' या शब्दाचं काय? पोलिओचं उदाहरण घ्या. रोटरीने १९८५ पासून या कामाला पैसा दिला, माणसं दिली, सरकारांच्या मागे लागली. हे मोठं काम आहे आणि ते मान्य करायला मला जड जात नाही. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात सापडला, २७ मार्च २०१४ ला आपण पोलिओमुक्त ठरलो. पण डोस कुणी पाजले? उन्हात बर्फाची पेटी खांद्याला लावून, दारावर खडूने खुणा करत, पोराच्या करंगळीला शाई लावत घरोघर फिरल्या त्या अंगणवाडीच्या आणि आरोग्यखात्याच्या बायका. त्यांच्या पदाचं नावच 'सेविका'. १९७५ साली योजना सुरू झाली तेव्हापासून त्यांना पगार नाही, 'मानधन' आहे. क्लबातल्याने केली तर सेवा म्हणून सत्कार, आणि सेविकेने केली तर सेवा म्हणून पगार नाही! एकच शब्द, एकाला बिल्ला देतो आणि दुसरीचं वेतन कापतो. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलं. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांना संपावर जावं लागलं आणि तो पन्नास दिवसांवर चालला. त्या दिवसांत एखाद्या सेवा क्लबाने त्यांच्या मंडपात चहा नेऊन दिल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही. आलं असतं तर इथे आनंदाने छापलं असतं.

आमच्या गटात यावरून वाद झाला. दोघी-तिघी म्हणाल्या, यांचं काही घ्यायचंच नाही. मला हे पटत नाही. मोतीबिंदूच्या शिबिरात म्हाताऱ्या आईला दिसू लागतं, ते दिसणं खरं असतं. रक्ताची बाटली कुणी दिली हे रुग्णाला विचारता येत नाही. शिवाय कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा पैसा आजकाल अशा संस्थांमार्फत वस्तीत येतो, आणि तो नफा ज्यांच्या श्रमातून झाला त्यांत आपणही आहोत. घ्यावं, पण विचारून घ्यावं आणि नावानिशी घ्यावं. काय हवं ते गटाच्या बैठकीत ठरेल, वस्तूची पावती बाईच्या नावाने होईल, आणि फोटो निघालाच तर त्याखाली तिचं पूर्ण नाव येईल. तिला फोटो नको असेल तर निघणार नाही, आणि वस्तू तरीही मिळेल. एवढं एका कागदावर लिहून, बावीस सह्या आणि पाच अंगठे घेऊन, आम्ही त्या क्लबला दिलं आहे.

कागद लिहिताना एक मुद्दा शेवटी आला, आणि तो सगळ्यांत अवघड निघाला. आपल्यातल्या कितीजणी ज्यांच्या घरी धुणीभांडी करतात, त्यांच्यातल्याच काहीजणी ८ मार्चला या क्लबांच्या व्यासपीठावर असतात. त्या दिवशी कामवाल्या बायकांना साडी नाहीतर स्टीलचा डबा मिळतो. आठवड्याची भरपगारी सुट्टी मात्र मागितली की दुसरी बाई शोधली जाते. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला, पण मंडळात नोंदणीसाठी मालकिणीची सही मागायची म्हटली तरी कामवालीच्या पोटात गोळा येतो. म्हणून कागदात आम्ही एक साधी विनंती घातली: क्लबच्या प्रत्येक सभासदाने आपल्या घरी काम करणाऱ्या बाईला आठवड्याला एक सुट्टी द्यावी आणि तिच्या नोंदणीच्या अर्जावर सही करावी. याला ना निधी लागतो ना हॉल.

तुमच्या गावात, वस्तीत सेवा क्लबांशी व्यवहार झाला असेल, तर कसा झाला ते आम्हांला लिहा. चांगला अनुभव असेल तर तोही. घरकामगार मैत्रिणींच्या नोंदणीचा अर्ज कुठे द्यायचा, कोणते कागद लागतात, कुठे अडवतात, हे आपापल्या तालुक्यातून कळवा. पुढच्या अंकात दोन पानं त्यासाठी राखून ठेवली आहेत.