पळून गेली असेल!

परवा एका वाहिनीवर तासभर चर्चा रंगली: सिरियल किलर घडतो कसा? बालपण, आई, मेंदूतली रसायनं, सगळं झालं. दोन मानसतज्ज्ञ, एक निवृत्त पोलिस अधिकारी आणि मागे व्हायोलिन. निवृत्त साहेब म्हणाले, असे गुन्हेगार विलक्षण हुशार असतात, म्हणून वर्षानुवर्षं हाती लागत नाहीत. खात्याचं हे फार लाडकं वाक्य आहे. गुन्हेगार हुशार ठरला की तपास आपोआप निर्दोष सुटतो.

मग आपला गोव्याचा महानंद नाईकच घ्या. शिरोड्याकडचा, कधीकाळी रिक्षा चालवणारा. १९९४ ते २००९ या काळात १६ जणींना मारल्याची कबुली त्याने दिली, असं पोलिसांनीच सांगितलं. पद्धत ठरलेली. गरीब घरची, लग्न रखडलेली मुलगी हेरायची, लग्नाचं आमिष दाखवायचं, 'घरच्यांना भेटवतो, दागिने घालून ये' म्हणायचं. पुढे निर्जन जागा आणि तिचीच ओढणी. पंधरा वर्षं एकच युक्ती चालवणाऱ्याला हुशार कसं म्हणायचं? ती बदलायची वेळच त्याच्यावर कुणी आणली नाही.

नाईक पकडला गेला एप्रिल २००९ मध्ये. त्याच वर्षी ऑक्टोबरात, त्याच किनाऱ्यावर खाली दक्षिण कन्नड जिल्ह्यात मोहन कुमार सापडला. माजी शाळामास्तर. २००३ पासून २० जणी. तेच आमिष, हुंड्यापायी घरात बसलेल्या तशाच मुली, तसेच दागिने. ओढणीच्या जागी सायनाइड, एवढाच फरक. लॉजवर रात्र काढायची आणि सकाळी बसस्थानकावर, दिवस राहू नयेत म्हणून घे, असं सांगून गोळी हातात ठेवायची. मुलगी स्वच्छतागृहात जायची, ती बाहेर यायचीच नाही.

मोहनच्या बाबतीत पोलिसांकडे हद्दीची सबब तरी होती. मुलगी हरवली बंटवाळकडे, प्रेत सापडलं मडिकेरीला किंवा म्हैसूरला. गोव्याला तीही सबब नाही. तेव्हा अख्ख्या राज्यात जिल्हेच दोन! तरी पंधरा वर्षं कुणाला माळ ओवता आली नाही.

आणि तरीही खटल्यांत कर्नाटक पुढे गेलं. माझ्या मते कारण कंटाळवाणं आहे. मोहनने मारलेल्या बायका सार्वजनिक जागी सापडल्या, त्यामुळे अनैसर्गिक मृत्यूची नोंद, पंचनामा, शवविच्छेदन हे सोपस्कार झाले. निष्कर्ष 'आत्महत्या' असा काढला, तो चुकलाच. पण कागद राहिला. २०१३ पासून २०२० पर्यंत एकामागून एक खटल्यात शिक्षा झाल्या. काही निकाल उच्च न्यायालयात बदलले, हेही खरं. गोव्यात बराचसा भार होता नाईकच्या कबुलीवर, आणि पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. बऱ्याच खटल्यांत तो सुटला, मोजक्याच प्रकरणांत शिक्षा लागली. म्हणजे त्यातल्या कित्येक जणींना कुणी मारलं, हे कायद्याच्या लेखी आजही ठरलेलं नाही. या सदराच्या जुन्या वाचकांना माझं हे नोंदी-रजिस्टरांचं पुराण पाठ आहे. त्यांनी हवं तर जांभई द्यावी.

मोहनचा तपास हलला कसा, तेही ऐका. बंटवाळकडची एक मुलगी बेपत्ता झाली तेव्हा ती मुसलमान मुलाबरोबर पळाल्याची आवई उठली. लोक ठाण्यावर धडकले. मग पोलिसांनी फोनचे तपशील काढले आणि धागा मोहनपर्यंत गेला. आवई साफ खोटी होती. पण या मुलीच्या आधी गेलेल्या मुलींच्या वाट्याला तेवढीही आवई आली नाही. त्या नुसत्याच 'पळून गेल्या' होत्या, आणि नुसती पळून गेलेली गरीब मुलगी कुणाच्याच कामाची नसते. ना मोर्च्याच्या, ना ठाण्याच्या.

आजही मुलगी सतरा वर्षांची असेल तर अपहरणाचा गुन्हा दाखल होतो. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ते बंधनकारकच आहे. अठरा पूर्ण झाली की तिची फक्त 'मिसिंग' होते, आणि अंमलदार घरच्यांना विचारतो, 'कुणाबरोबर काही होतं का?' नाईक आणि मोहन दोघेही याच प्रश्नावर पोसले गेले.

म्हणून मागणी जुनीच, पुन्हा मांडतो. सज्ञान बाई दागिने घेऊन गेली आणि दोन दिवसांत तिचा फोन लागत नसेल, तर गुन्हा दाखल करा. दर महिन्याला शेजारच्या ठाण्यांची मिसिंगची आणि बेवारस प्रेतांची रजिस्टरं एका टेबलावर उघडा. संगणक आहे म्हणाल, तर तो उघडा. याला मानसतज्ज्ञ लागत नाही, एक हवालदार पुरतो. मात्र त्याला त्या दिवशी बंदोबस्ताला पाठवू नका.