हौस करावी, पण कोणत्या पाण्यावर?

मैत्रिणींनो, आपल्या जव्हारला पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर हंड्यासाठी पायपीट! म्हणूनच दारात कुणी अंब्रेला पाम लावला की मला रागच यायचा. नावाला पाम, पण जात लव्हाळ्याची. मुळं सतत ओली हवीत.

शेजारच्या काकूंनी माझा राग घालवला. त्या तांदूळ, भाजी धुतलेलं पाणीच कुंडीत ओततात. रोपही विकत आणायला नको. थोडा देठ ठेवून छत्री कापायची, पानं अर्धी छाटून पाण्यात उलटी ठेवायची, मुळं फुटतात. बशीतलं पाणी मात्र आठवड्याच्या आत बदला, नाहीतर डास होतात.

हौस जरूर करावी, पण कुणा बाईच्या डोक्यावरच्या हंड्यातून नव्हे.