डायलिसिसच्या आधी

सुरतेच्या उधना-लिंबायत भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. अशा घरातील मुलास टाइप १ मधुमेह जडला की आईबापांची सारी शक्ती इन्सुलिनच्या तजविजीत खर्ची पडते; मूत्रपिंडाची आठवण होते ती पाय सुजल्यावर, म्हणजे फार उशिरा. रक्तदाब चढविणाऱ्या अँजिओटेन्सिन-परिवर्तक विकरास लगाम घालणाऱ्या कॅप्टोप्रिलने, मूत्रपिंड बिघडलेल्या अशा रुग्णांतील मृत्यू, डायलिसिस वा प्रत्यारोपणाचा धोका निम्म्याने घटतो, हे १९९३ सालीच दिसून आले. परंतु हे औषध कोणास द्यावयाचे, हे वेळीच कळण्यास रोगाच्या पाच वर्षांनंतर दरसाल लघवीतील अल्ब्युमिन तपासावे लागते. २०१६ पासून सरकारने गरिबांसाठी मोफत डायलिसिसची योजना चालविली, हे स्तुत्यच. तितक्याच तत्परतेने ही साधी तपासणीही सरकारी रुग्णालयांनी अंगावर घ्यावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.