विश्लेषण : रिसॉर्टच्या तलावाकाठी जीवरक्षक असतो का?

कर्नाटकात मंगळूरुजवळच्या एका रिसॉर्टमध्ये १७ नोव्हेंबर २०२४ रोजी मैसूरुच्या तीन तरुणी जलतरण तलावात बुडाल्या. एक खोल भागात गेली, तिला धरायला दुसरी, मग तिसरी. तलावाची खोली सहा फुटांच्या आसपास. सारा प्रकार सीसीटीव्हीत चित्रित झाला. काठावर मात्र जीवरक्षक नव्हता. पुढे मालक आणि व्यवस्थापकाला अटक झाली. कर्जत, लोणावळा, अलिबागच्या रिसॉर्टांत शनिवार-रविवारी होणारी गर्दी पाहता ही घटना केवळ शेजारच्या राज्यातली म्हणून सोडून देता येत नाही.

सहा फूट पाण्यात माणूस बुडतो कसा?

बहुतेक तलावांचा तळ उतरता असतो. साडेतीन-चार फुटांवर उभी असलेली व्यक्ती गप्पांच्या नादात दोन पावले मागे सरकते आणि गुळगुळीत फरशीवर पाय टेकेनासे होतात. पोहता न येणाऱ्याला सहा फूट काय आणि साठ फूट काय, सारखेच. त्यात रेन डान्स, रंगीत दिवे, डीजे आणि मद्य. पाणी गढूळ असेल तर तळाशी गेलेला माणूस दिसतही नाही.

बुडणारा ओरडत का नाही?

चित्रपटांनी करून दिलेला हा मोठा गैरसमज. न्यू यॉर्कमधील जीवरक्षक फ्रँक पिया यांनी १९७०च्या दशकात प्रत्यक्ष बचावाचे चित्रीकरण करून दाखवले, की बुडणाऱ्याला हाका मारण्याइतका श्वासच मिळत नाही. हात वर हलत नाहीत, ते बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात. शरीर उभे राहते, तोंड पाण्याच्या वर-खाली होते. ही धडपड २० ते ६० सेकंदच टिकते. शेजारी उभ्या मित्राला तो मजा करतोय असेच वाटते.

मग जीवरक्षक म्हणजे कोण?

टॉवेल देणारा, क्लोरिन टाकणारा आणि अधूनमधून चहाची ऑर्डर घेणारा मुलगा म्हणजे जीवरक्षक नव्हे, त्याला उत्तम पोहता येत असले तरी. पाण्यावर सतत नजर ठेवणे हे त्याचे एकमेव काम हवे. परदेशांत अनेक ठिकाणी १०-२० हा निकष वापरतात : १० सेकंदांत धोका ओळखायचा, पुढच्या २० सेकंदांत पोहोचायचे. मोबाइल हातात असलेल्याला हे जमणार नाही. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून प्रशिक्षित जीवरक्षक आहेत. तशी शिस्त रिसॉर्टच्या तलावावर असेलच असे नाही.

बाहेर काढल्यानंतरची मिनिटेही तितकीच मोलाची. आपल्याकडे अजूनही बुडालेल्याला पालथे घालून, पोट दाबून पाणी काढण्यात वेळ जातो. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबणे लगेच सुरू करावे लागते, कारण चार-सहा मिनिटांत प्राणवायूअभावी मेंदूला इजा होऊ लागते.

‘आपल्या जबाबदारीवर उतरा’ पाटीचे काय?

ही पाटी लावली की आपण मोकळे, असे अनेक चालक मानतात. मात्र निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते आणि सेवेतील त्रुटीसाठी ग्राहक आयोगाचे दारही उघडे असते. पण हे सारे घटनेनंतरचे. तपासणी आधी व्हायला हवी. परवाना आणि त्याचे नूतनीकरण करताना खोलीचे आकडे, बचाव रिंग, लांब काठी आणि जीवरक्षकाचे प्रशिक्षण पाहणे अवघड नाही. जीवरक्षकाचा पगार हा रिसॉर्टला वाचवावासा वाटणारा खर्च आहे, खरी अडचण तिथे आहे.

पाहुण्यांनी काय करावे?

बुकिंगच्या फोनवरच विचारावे : तलावावर जीवरक्षक किती ते किती वाजेपर्यंत असतो? ती वेळ संपली की तलाव बंद होतो का? लहान मुले हाताच्या अंतरावर ठेवावीत. हवेच्या फुग्यांवर विसंबू नये. कोणी बुडताना दिसले आणि स्वतःला बचावाचे तंत्र येत नसेल, तर उडी न मारता काठावरून रिंग, काठी, ओढणी, जे हाताला लागेल ते टाकावे. मंगळूरुत मागोमाग गेलेल्या दोघींना वाचवायलाच जायचे होते.